दाजींच्या नावाने टेकलेले गुडघे

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे. पण डोक्याखाली घ्यायची नव्हे, गुडघ्यांखाली घ्यायची. प्रार्थना करताना फरशी टोचू नये म्हणून माणसे मला खाली ठेवतात आणि माझ्यावर गुडघे टेकतात. त्यामुळे माणसांचे चेहरे मी फारसे पाहिलेले नाहीत. गुडघे मात्र माझ्याइतके कोणी ओळखत नसेल. एखाद्याची अक्कल गुडघ्यात आहे, असे तुम्ही चेष्टेने म्हणता ना? मी तिच्या शेजारीच आयुष्य काढले आहे. ती तिथे खरेच असते, आणि कधी कधी चांगली शाबूत असते.

माझा मालक सोफे आणि खुर्च्या बनवणारा. खाली कारखाना, वर घर. कारखान्यात लाकडी सांगाडे, स्प्रिंगा, काथ्याची पोती, फोमचे गठ्ठे आणि कापडाचे तागे यांतून वाट काढत चालावे लागे. मालकाचा हात मोठा कसबी. त्याने बांधलेल्या सोफ्यावर पाहुणा एकदा टेकला की उठायचे नाव घेत नसे. मग यजमान मालकाला दोष देत.

माझा जन्म एका उपदेशामुळे झाला. एका रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी सांगितले, "देवाला उरलंसुरलं देऊ नका. जे द्यायचं ते मनापासून, सगळ्या ताकदीनिशी द्या." मालक शेवटच्या बाकावर बसला होता. त्याला हे इतके पटले की त्याने मोठ्याने 'आमेन' म्हटले आणि पुढच्या बाकांवरची माणसे दचकून वळली. त्याच उत्साहात तो घरी आला, जेवायलाही न थांबता कारखान्यात शिरला आणि प्रार्थनेसाठी उशी शिवायला बसला.

कशाची शिवली, ते ऐका. माझी वरची बाजू हिरवट मखमलीच्या तुकड्याची, खालची पट्ट्यापट्ट्यांच्या रेक्झिनची. पोटात भरला तो दातांच्या डॉक्टरच्या जुन्या खुर्चीतून निघालेला काथ्या आणि फोमची चुरगळलेली कात्रणे. आणि शिवण? सगळी कच्च्या टाक्याची! शिंपी आधी लांब लांब, सैल टाके घालतो आणि नंतर पक्की शिवण मारून ते उसवतो, तेच हे टाके. "सवड झाली की पक्की शिवेन," असे मालक म्हणाला.

मालकीणबाई जिन्यात उभ्या राहून बघत होत्या. "देवाला उरलंसुरलं द्यायचं नाही, असं आत्ताच ऐकून आलात ना?"

"हे देवाला कुठंय? हे गुडघ्यांना आहे," मालक म्हणाला.

मालकीणबाईंनी माझी शिवण बोटाने जरा ओढून बघितली आणि त्या वर निघून गेल्या.

मालकाने एका दमात सगळे नेम धरले. पहाटे उठून तासभर प्रार्थना. मग पवित्र शास्त्राचे वाचन, तेही पहिल्या पानापासून ओळीने. शुक्रवारी उपास. बुधवारी मौन. आणि राग तर मुळीच करायचा नाही. हे सगळे त्याने गिऱ्हाइकांना सांगितले, शेजाऱ्यांना सांगितले, दूधवाल्याला सांगितले. खुद्द पाळकसाहेबांना रस्त्यात गाठून सांगितले. देवाला सांगायचे तेवढे दुसऱ्या दिवशीच्या पहाटेवर ठेवले.

पहिली पहाट थाटात गेली. मालकाने माझ्यावर गुडघे टेकले आणि ठेवणीतले मोठमोठे शब्द काढून प्रार्थना केली. पण थोड्याच दिवसांत शब्द आखूड झाले आणि जांभया लांबल्या. मालक आधी पलंगाच्या कडेला हात टेकी, मग हातांवर डोके टेकी, मग हळूहळू घसरत खाली येई आणि गाल माझ्यावर ठेवून घोरू लागे. डोक्यासाठी मी बनलेलीच नव्हते. पण सांगणार कोण?

मालकीणबाई चहा घेऊन येत आणि म्हणत, "आजची प्रार्थना फार खोल गेलेली दिसते."

एकदा मी उलटी पडले होते. त्या दिवशी रेक्झिनचे पट्टे मालकाच्या गालावर उमटले आणि दुपारपर्यंत गेले नाहीत. गिऱ्हाइकाने विचारले, तर मालक गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "सकाळी देवाजवळ होतो."

वाचनाचीही तीच गत. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा आणखी कोणी, अशी नावांची लांबलचक रांग लागली की मालकाचे बोट ओळीवरून चाले आणि मन कोणाच्या तरी दिवाणखान्यात सोफ्याचे माप घेत फिरे. एकदा दोन पाने एकदम उलटली, तर "गोष्टीने आता वेग घेतला," असे म्हणून तो खूश झाला. उपासाच्या दिवशी त्याचा आवाज खालच्या रस्त्यापर्यंत जाई. वाटी कुठे आहे, हातोडी कुठे गेली, फुटपट्टीला पाय फुटले का! शेवटी मालकीणबाई म्हणाल्या, "उपास तुमचा, आणि पोटात गोळा आमच्या!"

मौनाने तर कहर केला. एका बुधवारी शाळेच्या मुख्याध्यापिका सोफ्याचे कापड पसंत करायला आल्या. बाई कडक शिस्तीच्या. फळीवरच्या ताग्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तो वरचा." वर दोन तागे होते. तपकिरी की जांभळा, एवढा एकच प्रश्न विचारायचा होता. पण मौन! मालकाने हसून मान डोलावली. मुख्याध्यापिकांच्या घरी वांग्यासारखा जांभळाजर्द सोफा जाऊन पोहोचला. तो पाहिल्यावर म्हणे त्याही बराच वेळ मौनात होत्या. मौन सुटल्यावर मात्र त्यांनी मालकाला शाळकरी मुलासारखे उभे करून झापले. मालक घरी येऊन मालकीणबाईंवर ओरडला, तेव्हा राग न करण्याचा नेमही त्याच दिवशी मोडला.

मित्रांनो, मालकाने गुडघे टेकले होते आणि मालकीणबाईंनी हात टेकले. "तुमचं सगळं या उशीसारखं आहे. कच्च्या टाक्याचं. दिसायला शिवलेलं, ओढलं की सुटलं," असे त्या म्हणाल्या. मला वाईट वाटले. पण खोटे काय होते त्यात?

नव्याचे नऊ दिवस सरले. मी पलंगाजवळून कोपऱ्यात गेले, कोपऱ्यातून जिन्यात आले आणि जिन्यातून थेट कारखान्यात. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून कोणी मला दारात ठेवी. कोणी माझ्यावर डबा ठेवून माझ्या मखमलीवर डिंकाचा गोल डाग पाडला. शेवटी कारखान्यातल्या मांजरीने माझा ताबा घेतला. वजनाला ती गुडघ्यांपेक्षा हलकी, पण नखे वाईट. एक मात्र कबूल करते. ती रोज ठरल्या वेळी येई, बसे आणि डोळे मिटे. तिच्या नियमितपणाला तोड नव्हती.

आता दाजींविषयी सांगायलाच हवे. दाजी म्हणजे मालकाच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तेही याच धंद्यातले. पूर्वी दोघे याच कारखान्यात खांद्याला खांदा लावून काम करत. दाजींनी सांगाडा बांधावा, मालकाने कापड चढवावे. पण एकदा एका सोफ्यात शिवणाची वाकडी सुई राहून गेली आणि गिऱ्हाइकाचे सासरे, पहिल्यांदाच जावयाच्या घरी आलेले, नेमके तिच्यावर बसले. ते ज्या वेगाने उठले, त्याच वेगाने ही भागीदारी मोडली. दाजी म्हणाले, सुई तुझी. मालक म्हणाला, सुई तुमची. ती कोणाची होती, हे आजतागायत कळलेले नाही.

दाजींनी रस्त्यापलीकडे, अगदी समोर, वेगळा कारखाना काढला. सकाळी दोघे एकाच वेळी शटर उघडत आणि एकमेकांकडे पाठ करून उघडत. चर्चमध्ये एक डावीकडे बसे, एक उजवीकडे. ताई बिचारी मधल्यामध्ये अडकली. ती आणि मालकीणबाई भाजीच्या दुकानात चोरून भेटत आणि पालेभाजी निवडता निवडता घरादाराच्या खबरा देत-घेत. पण ताईने माहेरचा उंबरा ओलांडला नव्हता, आणि मालकाने तिला ये म्हटले नव्हते. कधीमधी तो हातातले काम थांबवून समोरच्या खिडकीकडे बघत राही. कोणी पाहिले की म्हणे, "ऊन कुठपर्यंत आलंय ते बघतोय."

एके दिवशी पाळकसाहेब बसकण फाटलेली खुर्ची घेऊन दुरुस्तीला आले. उंच, किडकिडीत आणि जरा कमी ऐकणारे गृहस्थ. इकडेतिकडे बघत ते म्हणाले, "काय रे, तुझ्या त्या प्रार्थनेच्या उशीचं फार ऐकलं होतं. कुठाय ती?"

मालकाने मान खाली घालून कोपऱ्याकडे बोट केले. मांजरीने एक डोळा उघडला आणि परत मिटला.

पाळकसाहेब इतके हसले, इतके हसले, की फाटक्या खुर्चीतून पार खाली गेले. मालकाने त्यांना हात धरून ओढून काढले. मग डोळे पुसत ते म्हणाले, "सगळं एकदम धरलंस, म्हणून सगळं एकदम सुटलं. आता एकच गोष्ट कर. पण ती जीव ओतून कर. रोज सकाळी तुझ्या दाजींसाठी प्रार्थना कर."

मालकाचा चेहरा उतरला. "दुसरं काही नाही का, साहेब? हवं तर आठवड्याला दोन उपास करतो."

"काय म्हणालास?"

"दोन उपास करतो म्हटलं!" मालक ओरडला.

"ऐकू आलं होतं. पुन्हा म्हणायची लाज वाटते का, ते बघत होतो," पाळकसाहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांजरीला उठवण्यात आले. ती फणकाऱ्याने निघून गेली. मालकाने मला झटकले, वर नेले आणि माझ्यावर गुडघे टेकले. गुडघे इकडून तिकडे हलत होते, भाव करताना गिऱ्हाइकाचे हलतात तसे. मग म्हणाला, "प्रभू, त्या माणसाला अक्कल दे. आमेन."

स्वयंपाकघरातून आवाज आला, "हे मागणं झालं की गाऱ्हाणं?"

पुढच्या दिवशी मागणे असे झाले, "प्रभू, त्यांचं भलं कर. पण घाई नाही."

त्यानंतर, "प्रभू, त्यांना भरपूर काम दे. म्हणजे दिवसभर माझ्या दारात बघत बसणार नाहीत."

असे काही दिवस गेले. पण या खेपेला एक फरक होता. मालक झोपत नव्हता. ज्याच्यावर राग आहे त्याचे नाव घेतल्यावर कोणाला झोप येते? आणि रोज तेच ते बोलून त्याचीच त्याला लाज वाटू लागली. एका सकाळी तो अर्ध्यातच थांबला आणि म्हणाला, "मागू तरी काय? त्यांना काय पाहिजे, हेच मला माहीत नाही." मग तो उठला आणि खिडकीशी गेला. त्या दिवशी त्याने 'ऊन बघतोय' म्हटले नाही. त्याने दाजींना बघितले. दाजी एकटेच फोमचा गठ्ठा पाठीवर घेऊन पायऱ्या चढत होते आणि प्रत्येक पायरीवर गुडघा धरून थांबत होते.

मालक परत येऊन माझ्यावर टेकला. "प्रभू, त्यांचे गुडघे दुखतायत," तो म्हणाला. "बरे कर." बस, एवढेच. पुढे 'पण' नाही की 'म्हणजे' नाही. मित्रांनो, मी गुडघ्यांची जाणकार. त्या सकाळी प्रथमच ते गुडघे माझ्यावर निवांत टेकले. मग मालक दाजींसाठी काम मागू लागला. चांगले काम मागू लागला. ताईच्या डोळ्यांसाठी मागू लागला, कारण ती चष्मा पुसून पुसून बघते, असे मालकीणबाईंनी भाजीच्या दुकानातून कळवले होते.

आणि मग तो रविवार आला. चर्चमधल्या सगळ्या बाकांना नव्या गाद्या बसवायचे ठरले होते. एवढे मोठे काम, मानाचे काम! मालकाने मनातल्या मनात कापडसुद्धा निवडून ठेवले होते. कमिटीने ते काम दाजींना दिले.

मालक तरातरा जिना चढला, मला उचलले आणि भिंतीवर भिरकावले. माझ्या पोटात दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीचा काथ्या आहे. भीती म्हणजे काय ते तो जाणतो. तरी त्या दिवशी तोही हादरला.

"काय झालं?" मालकीणबाई धावत आल्या.

"मी मागितलं!" मालक ओरडला. "रोज गुडघे झिजवून मागितलं, त्यांना चांगलं काम दे म्हणून. आणि त्याने दिलं! माझंच काम उचलून त्यांना दिलं!"

मालकीणबाई आधी ओठ दाबून उभ्या राहिल्या. मग त्यांना आवरेना. त्या पलंगावर बसून पदर तोंडाला लावून हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "इतकी वर्षं तुमची एक प्रार्थना ऐकली जात नव्हती म्हणून कुरकुरत होता," त्या म्हणाल्या. "आता ऐकली, तर उशी फेकताय!"

मालक भिंतीजवळ गेला आणि मी पडले होते तिथेच माझ्यावर बसला. गुडघ्यांवर नाही, सरळ मांडी घालून. मग बऱ्याच वेळाने गुडघ्यांवर आला. "प्रभू," तो म्हणाला, "मला त्यांचं भलं झालेलं बघवत नाही. खरं सांगतो. तोंडाने मागत होतो, पण ते खरंच मिळेल असं वाटलं नव्हतं. आता मिळालंय, तर माझं पोट दुखतंय. हे असं आहे. आता तूच बघ." त्यात ठेवणीतला एकही शब्द नव्हता. माझ्यावर झालेली ती सगळ्यात वाकडीतिकडी प्रार्थना असेल. पण तिचा एकही टाका कच्चा नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा आला. कपाळाला आठ्या होत्या, पण आला. त्याच्या पुढच्या दिवशीही आला.

गाद्यांचे काम निम्मे झाले असेल. शुक्रवारी सकाळी मालक नुकताच उठून मला कोपऱ्यात ठेवत होता, तेवढ्यात खाली दार वाजले. मालक मला काखेत घेऊनच खाली धावला. दारात ताई. ती उंबऱ्याबाहेरच उभी होती.

"बाळ्या," ती म्हणाली. मालकाच्या मिशा पांढऱ्या होत आल्या होत्या, तरी तिच्या तोंडी तो बाळ्याच. "यांच्या कमरेत उसण भरलीय. जमिनीवर आडवे पडलेत, हलता येत नाहीये. रविवारी गाद्या द्यायच्या आहेत. यांनी तुला सांगायचं नाही म्हणून बजावलंय. मी सांगायला आलेलीच नाही. मी आपली सहज आले होते."

"आत ये, ताई," मालक म्हणाला.

"नको. तू ये," ताई म्हणाली आणि चष्मा पुसत निघून गेली.

मालक वर आला. तो माझ्यावर टेकला. मग एकदम उठला, हातोडी घेतली, सुया घेतल्या आणि मला काखोटीला मारले. गादी ठोकायला तासन् तास गुडघ्यांवर बसावे लागते, म्हणून मला घेतले, की काखेत होते ते सोडायचे राहून गेले, हे मला कधीच कळले नाही. पण रस्ता ओलांडताना मी पहिल्यांदा आकाश पाहिले.

दाजी कारखान्याच्या मधोमध, फोमच्या तुकड्यावर उताणे पडले होते. छताकडे बघत त्यांनी विचारले, "कोण आहे?"

"मी."

"मी म्हणजे कोण?"

"तुमचा मेहुणा."

"मला मेहुणा नाही."

"आजपासून आहे. पाय जरा बाजूला घ्या, मला बसायचंय."

"पाय हलत असते, तर तू आत आला असतास का?" दाजी गरजले आणि लगेच "आई गं!" म्हणून कळवळले, कारण गरजण्यासाठीही कंबर लागते.

मालकाने मला खाली ठेवले, माझ्यावर गुडघे टेकले आणि कामाला लागला. आमच्या धंद्यात बारीक खिळ्यांना चुका म्हणतात. कारागीर त्या मूठभर तोंडात धरतो आणि एकेक काढून ठोकतो. मालकाने चुका तोंडात भरल्या. दाजींनी जमिनीवरून देखरेख सुरू केली. "कापड ओढ अजून. तिकडून नाही, इकडून. टाका लांब पडतोय. पट्टा वाकडा चाललाय. ऐकतोयस का?"

मालकाचे गुडघे माझ्यावर ताठ झाले. मला वाटले, आता उठणार आणि जाणार. पण तो ठोकत राहिला.

"उत्तर तरी दे की!" दाजी ओरडले.

"तोंडात चुका आहेत," मालक दातांतून म्हणाला.

"त्या तर जन्मापासून आहेत!"

क्षणभर हातोडी थांबली. मग मालकाच्या नाकातून एक विचित्र आवाज आला. तो हसत होता, आणि तोंडात खिळे असताना हसू नये हे त्याला माहीत होते, म्हणून तो आणखीच हसत होता. शेवटी चुका जमिनीवर सांडल्या. दाजीही हसायला गेले, कंबर दुखली, तेव्हा "नको रे, हसवू नकोस, मरेन" म्हणत त्यांनी डोळे मिटून घेतले. ताई स्वयंपाकघराच्या दारातून हे बघत होती. तिने पुन्हा चष्मा पुसला.

मित्रांनो, त्या दिवशी मालक जवळजवळ दिवसभर गप्प राहिला, आणि ते मौन कोणाला सांगत सुटला नाही. दुपारी ताईने ताट वाढून ठेवले ते तसेच राहिले. शुक्रवार होता, उपास घडला, आणि त्याच्या ध्यानीमनीही नव्हते.

ऊन उतरताना दाजी हळू आवाजात म्हणाले, "का आलास?"

मालकाने सुई ओवली, दोऱ्याला गाठ मारली, मग म्हणाला, "रोज सकाळी तुमच्यासाठी प्रार्थना करतो. मग नुसतं समोरून बघत कसं बसायचं?"

"माझ्यासाठी? तू?" दाजींनी मान वळवायचा प्रयत्न केला. "तरीच! तरीच माझी कंबर गेली!"

"कमरेचं मी काही मागितलं नव्हतं. गुडघ्यांचं मागितलं होतं."

"गुडघे बरे आहेत खरे हल्ली," दाजी छताकडे बघत म्हणाले. मग म्हणाले, "उद्या लवकर ये. आणि ते जे काय सकाळी करतोस, ते इथंच कर. मला गुडघे टेकता येणार नाहीत. पण आमेन म्हणायला कंबर लागत नाही."

शनिवारी सकाळी तसेच झाले. मालकाने माझ्यावर गुडघे टेकले, दाजी आडवे होते, ताई आणि मालकीणबाई भिंतीशी उभ्या होत्या. प्रार्थना अगदी छोटी होती. दाजींचे आमेन मात्र रस्त्यापर्यंत गेले आणि त्यापाठोपाठ त्यांचे "आई गं" सुद्धा.

रविवारी सगळ्या गाद्या बाकांवर होत्या. दाजींना कमरेला पट्टा बांधून, दोन्ही बाजूंनी धरून चर्चमध्ये आणले. ते डावीकडे बसायचे की उजवीकडे, यावर दारात जरा गोंधळ झाला. मग सगळे मधल्या बाकावर दाटीवाटीने बसले. हे मी पाहिले नाही. मालकीणबाईंनी घरी आल्यावर सांगितले. पाळकसाहेबांनी कारागिरांचे आभार मानले, तेव्हा मालक म्हणे एवढेच म्हणाला, "काम दाजींचं आहे. मी फक्त चुका धरल्या."

यानंतर सगळे गोडीगुलाबीत चालले असे समजू नका. दोघे अजून भांडतात. कापड कसे ओढायचे यावर तर रोज भांडतात. मालकाला अजूनही काही सकाळी उठवत नाही, काही सकाळी बोलावेसे वाटत नाही. तरी तो येतो, टेकतो, आणि कधी कधी "आज काही सुचत नाही, प्रभू" एवढेच म्हणून बसून राहतो. तेही मला चालते. वाचताना नावांची रांग आली, तर तो प्रत्येक नावावर थांबतो. "हाही कुणाचा तरी दाजी असेल," म्हणतो.

मागच्या थंडीत मालक तापाने फणफणला. सकाळी मी पलंगाजवळ वाट बघत होते. पलंगावरून कण्हणे ऐकू येत होते, खाली कोणी उतरत नव्हते. तेवढ्यात जिन्यावर जड पावले वाजली. दाजी! त्यांनी मला पायाने जरा पुढे सरकवले, पलंगाची कड धरली आणि कुरकुर करत, एक एक करून दोन्ही गुडघे माझ्यावर टेकले. केवढे वजन ते! माझी एक शिवण तिथल्या तिथे उसवली.

"प्रभू," दाजी घसा खाकरून म्हणाले, "मला हे नीट जमत नाही. हा इकडे पडलाय आणि समोरचं शटर बंद दिसतंय. मला ते बघवत नाही. याला लवकर बरं कर. नाहीतर टाका लांब पडतोय, हे मी सांगू कुणाला?"

पांघरुणाखालून आवाज आला, "आमेन. पण उठताना जपून, दाजी. कंबर."

मित्रांनो, माझी उसवलेली शिवण मग दाजींनीच वाकडी सुई घेऊन घातली, आणि चांगली घट्ट घातली. मी आता पुरती चपटी झाले आहे. मखमलीचे केस गेले, दोन खळगे पडले आहेत. मालकीणबाई नवी उशी करा म्हणतात, आणि मालक उद्या करू म्हणतो. मला त्याचे काही वाटत नाही. पण माझ्यासारखी एखादी तुमच्या घरात असेल, तर एवढे ऐका. तिला अधूनमधून ऊन दाखवा. शिवण सुटली तर तेव्हाच टाका घाला, सवडीची वाट बघू नका. आणि मुख्य म्हणजे, ती मळेल, झिजेल म्हणून कपाटात जपून ठेवू नका. उशीला कसर लागते ती पडून राहिल्याने. गुडघ्यांनी ती कधी खराब होत नाही. पाठ केलेले मोठे शब्द नसले तरी या. झोप आली तरी या. ज्याचे नाव घेताना दात-ओठ खावेसे वाटतात, त्याचे नाव घेऊन या. मात्र ते नाव मनापासून घ्या, अर्धवट मनाने नको.

आता थांबते. जिना वाजतोय. पावलांवरून दाजी दिसतात. म्हणजे आज मला जरा दम धरूनच राहायला हवे.